कोटेशन आधी अन् अडचण मागून

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर दोन-चार महिन्यांनी एक फोटो हमखास येते. गावाबाहेरचा टिनाचा शेड, अर्धं शटर वर, आत कोरी मशीन, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, अन् खाली हेडिंग की लाखोंची यंत्रसामग्री धूळ खात पडून. मग दोन दिवस चर्चा चालते, कोणी अधिकाऱ्याला बोलते, कोणी कंपनीच्या संचालकांना, कोणी सरळ सरकारला, अन् तिसऱ्या दिवशी कापसाचे भाव उतरले की विषय संपला. मी दारव्हा भागात प्रपोजल लिहून द्यायचं काम करतो, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या (शेतकरीच सभासद असलेल्या), बचत गट, डाळ मिलवाले, कधी एखादी ग्रामपंचायत, यांचे प्रस्ताव, डीपीआर म्हणजे प्रकल्पाचे सविस्तर अहवाल, ब्यांकेच्या फाइली. त्या फोटोमागची एक गोष्ट मला रोज दिसते जी बातमीत कधी येत नाही, तेवढ्यासाठी हे पत्र. लांबलं तर खालून कापा, मधातलं कापू नका.

गोष्ट अशी की मशीन घेताना त्या लोकांना तुमची अडचण नेमकी काय आहे हे कोणी विचारलेलंच नसते. अन् विचारलं तरी ते सांगत नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच ती दिसलेली नसते. आमच्याकडे पार्टी येते तीच मुळात हातात कोटेशन घेऊन. मशीन कोणती, कोणत्या डीलरची, किती लाखाची, सगळं ठरलेलं, फक्त "लिहून द्या" एवढंच काम बाकी. अडचण मग आम्ही मागून शोधून काढायची, त्या मशीनच्या मापाची.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. एका कंपनीचे अध्यक्ष, सचिव अन् दोन संचालक ऑफिसात आले.

"भाऊ, ग्रेडिंगची मशीन टाकायची हाय. कोटेशन आणलं, तेवढा प्रस्ताव करून द्या."

"कायले पायजे मशीन?"

"कायले म्हंजे? स्कीम चालू हाय ना."

"ते खरं, पण मागच्या हंगामात माल कुठं अडला तुमचा?"

"सोयाबीन वापस आलं ना केंद्रावरून. माल खराब हाय म्हणे. म्हणून तं मशीन."

मी म्हटलं ठीक आहे, वापस आलेल्या मालाच्या जेवढ्या चिठ्ठ्या-पावत्या असतील तेवढ्या घेऊन या, मग लिहू. चार दिवसांनी खताच्या रिकाम्या पिशवीत भरून आणल्या. काही व्यापाऱ्याच्या काटापट्ट्या म्हणजे वजनाच्या पावत्या, काही ग्रेडरच्या हातच्या चिठ्ठ्या, एक-दोन तर चुरगळून गोळा झालेल्या. मी त्या वाचल्या नाहीत. अध्यक्षांनाच म्हटलं दादा, तुम्ही वाचा, मी लिहून घेतो. ते वाचायला लागले. ओलावा पंधरा. ओलावा सोळा. माती. ओलावा साडेपंधरा. ओलावा. डागी. ओलावा सोळा. सात-आठ चिठ्ठ्या झाल्यावर सचिवानंच मधात तोंड घातलं, "थांबा ना बाप्पा, हे तं सारं ओलंच निघून राहिलं."

आता ग्रेडिंगची मशीन काय करते? माती काढते, काडीकचरा काढते, बारका दाणा वेगळा करते. पाणी काढत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट आहे. २०२४ च्या खरिपात परतीच्या पावसानं सगळ्यांचंच सोयाबीन ओलं निघालं तर केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ती १५ पर्यंत वाढवून दिली होती, म्हणजे ही अडचण दिल्लीपर्यंत कळली होती, फक्त ज्याचं सोयाबीन होतं त्याच्या कोटेशनमध्ये ती नव्हती.

मग तिथंच पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. शंभर किलो सोयाबीन सोळा टक्के ओलाव्याचं असलं तर त्यात कोरडा माल ८४ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला की वजन भरते साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास. म्हणजे क्विंटलमागं साडेचार किलो निव्वळ पाणी, तेवढी कटती व्यापाऱ्यानं मारली तर त्याला बोलायची सोय नाही. पण काटापट्टीवर कटती सहा किलोची होती. मी विचारलं, हे वरचं दीड किलो कशाचं? कोणाला सांगता येईना. येणार कसं, ओलावा मोजायचं यंत्र एकट्या व्यापाऱ्याकडं, कंपनीकडं नाहीच. ४,५०० रुपये भाव धरला तर दीड किलोचे साडेसदुसष्ट रुपये, हजार क्विंटलवर ६७,५०० रुपये. हा आकडा अध्यक्षांनी स्वतः मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर काढला, दोनदा काढला, अन् मग त्यांच्याच तोंडून निघालं की "आपल्याले पयले मीटर पायजे अन् वाळवाले ओटा पायजे, मशीनचं मंग पाहू."

आता हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? की तुमची अडचण ग्रेडिंग नाही, ओलावा आहे? मान हलवली असती, चहा पिला असता अन् तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच दिवशी प्रस्ताव टाइप करून घेतला असता. माणसाला त्याची अडचण दुसऱ्यानं सांगितली की त्याला अडचण ऐकू येत नाही, "तुम्हाला कळत नाही" एवढंच ऐकू येते. त्यातही चार जणांसमोर सांगितलं तर झालंच, मग तो त्या मशीनसाठी भांडेल पण मागं हटणार नाही.

आपल्या भागात हे काम एका माणसानं जन्मभर केलं. गाडगे बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म, अन् त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नावर प्रश्न. कर्ज काढून तेरवी करावी का, देवासमोर बकरं कापावं का, असं विचारत विचारत न्यायचे अन् उत्तर समोर बसलेल्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. आमच्या धंद्यातले लोक लॅपटॉप उघडून तीस-चाळीस स्लाइड दाखवतात अन् पार्टी जांभया देते.

पण सगळ्या अडचणी ओलाव्यासारख्या सोप्या नसतात. ओलावा पावसामुळे येतो, त्यात कोणाची इज्जत जात नाही. खरी कसोटी लागते जेव्हा अडचण पार्टीच्या घरातलीच असते. दुसऱ्या एका कंपनीचं म्हणणं होतं की सभासद माल आणत नाहीत, खेडा खरेदीवाल्याला घालतात, त्यांना जाणीवच नाही, म्हणून जनजागृतीचं प्रपोजल लिहा. मेळावे, बॅनर, टोप्या, एक अभ्यास दौरा. मी खरेदीचं रजिस्टर मागितलं अन् दोनच रकाने पाहिले, माल कधी मोजला अन् चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, कधी दिला. तोंडी सांगत होते आठ-पंधरा दिवसांत चुकारा होतो. रजिस्टरमध्ये महिना-महिना, कुठं सव्वा महिना. तरी मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्यांनी कारणांची यादी वाचली असती, अन् ती कारणं खोटीही नसतात. तिथं एक संचालक बसले होते, वयानं मोठे, त्यांना सहज विचारलं, काका तुमचं स्वतःचं सोयाबीन यंदा कुठं दिलं? काका इकडंतिकडं पाहू लागले. मग म्हणाले, "पोरीचं लग्न होतं ना जी, पैसा हातात पायजे होता. गावातच देऊन टाकलं."

ऑफिसात एकदम शांतता. अध्यक्ष हसले आधी, मग नाही हसले. जाणीव नसलेला सभासद तर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरच बसला होता. अन् काकांचं काय चुकलं, सांगा? लग्नाचा मंडप उधारीवर मिळत नाही.

त्यानंतर हिशोबाला वेळ लागला नाही. कंपनीनं दिवसाला ५० क्विंटल घ्यायचं ठरवलं, भाव ४,५०० धरा, तर रोजचे सव्वादोन लाख लागतात. पुढचा खरेदीदार पंधरा दिवसांनी पैसे टाकते. म्हणजे सभासदाला त्याच दिवशी चुकारा द्यायचा तर ३३ लाख ७५ हजार कायम फिरते पाहिजेत. कंपनीचं भागभांडवल होतं पाच लाख, ते दोन दिवसांत संपते. केंद्राच्या दहा हजार एफपीओच्या, म्हणजे अशाच शेतकरी कंपन्यांच्या, योजनेत तीन वर्षांत मिळून १८ लाखापर्यंत मिळतात, पण ते ऑफिस, पगार, चालू खर्चाचे, माल घ्यायचे नाहीत. इतकं मांडल्यावर बॅनरची गोष्ट कोणी काढली नाही. मग खेळत्या भांडवलाचं ब्यांकेचं प्रकरण करायचं ठरलं, अन् ज्या सभासदाला घाई नाही त्यानं बाजार समितीत माल तारण ठेवावा असं ठरलं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजानं कर्ज मिळते. गोदामात जागा असली तर, हे आलंच. पण टेबलाभोवतीच्या अर्ध्या लोकांनी ती वापरलेली नव्हती.

प्रस्तावात हे लिहिताना भाषा जपावी लागते, हेही सांगतो. "संचालक मंडळास चुकारे वेळेवर देता आले नाहीत" असं लिहिलं तर सही कोण करेल? "खरेदीदाराकडून रक्कम येण्याचा कालावधी व सभासदास रक्कम देण्याचा कालावधी यातील तफावतीमुळे सभासदांचा माल कंपनीकडे येत नाही" असं लिहिलं, अन् खाली रजिस्टरातल्या तारखा जशाच्या तशा दिल्या. गोष्ट तीच, पण आता अध्यक्ष ती ब्यांकेत मॅनेजरसमोर मान वर करून सांगू शकते. लपवायचं काहीच नाही, फक्त दोष माणसावर न टाकता व्यवहारावर टाकायचा.

डाळ मिलवाल्यांचं जरा वेगळं असते, तिथं मालक एकटाच अन् हुशार असते, त्याला फसवणारा अजून जन्मायचा आहे असं त्याचं मत. धंदा मंदा आहे, पॅकिंग भारी पाहिजे, ब्रँड पाहिजे, त्याचं प्रपोजल करा. एकाला विचारलं क्विंटलभर तुरीत डाळ किती पडते तर म्हणे "पडते ना बरोबर." बरोबर म्हणजे किती? कधी मोजलंच नव्हतं, बापाच्या काळापासून अंदाज चालत आलेला. मी म्हटलं पैसे नका देऊ मला, फक्त आठवडाभर रोज एका क्विंटलचं डाळ, खंडा, चुनी, फोल वेगवेगळं मोजा अन् पाटीवर लिहा. समजा दिवसाला दहा क्विंटल तूर जाते अन् क्विंटलमागं दोन किलो डाळ चुनीत जाऊन राहिली, तर रोज वीस किलो. डाळीच्या अन् चुनीच्या भावात ७५ रुपये फरक धरला तर रोजचे १,५०० रुपये ढोरांच्या टोपल्यात. ब्रँडचं कोण पाहते मग! रोल झिजले आहेत की तुरीला तेल-पाणी देण्यात गडबड आहे की वाळवण कमी पडते, हे मिस्त्री अन् मालक मिळून शोधतील, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तर मिनी डाळ मिलच बनवलेली आहे, तिथं विचारायला माणसं आहेत. पण मोजल्याशिवाय तो कोणाकडं जाणार नाही, अन् पाटीवरचा आकडा त्याच्या स्वतःच्या अक्षरातला पाहिजे, माझ्या नाही.

ग्रामपंचायतीचं प्रपोजल म्हणजे टाकी. पाणी पुरत नाही, टाकी पाहिजे. जलजीवन मिशन २०१९ मध्ये आलं तेव्हापासून माणशी रोज ५५ लिटर हा आकडा सरपंचापासून शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण असलेल्या टाकीतलं पाणी जाते कुठं हे पाहिलं का? याला काही इंजिनिअर लागत नाही. रात्री टाकी भरायची, सगळे वॉल्व बंद करायचे, पातळीवर खूण करायची अन् पहाटे पाहायचं. खूण अन् पाणी यात हातभर अंतर पडलं तर टाकीच गळते किंवा वॉल्व नीट बसत नाही, अन् टाकी शाबूत असून शेवटच्या आळीत पाणी पोचत नसलं तर पाइपलाइन पाहायची. हे सरपंचाला मी सांगून पटत नाही कारण टाकी दिसते, तिच्यावर नाव टाकता येते, उद्घाटन होते, अन् जमिनीखालच्या फुटक्या पाइपाचं उद्घाटन कोणी करत नाही. म्हणून मी त्यांना म्हणतो उद्या सकाळी शिडीवर तुम्हीच चढा, सोबत विरोधी गटाचा एक मेंबर घ्या. दोघांनी मिळून पाहिलेली खूण मासिक सभेत कोणी नाकारत नाही. अन् पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के बंधित निधी पाणी अन् स्वच्छतेसाठीच होता, दुरुस्ती त्यातून बसत होती, पण तशी मागणी घेऊन माझ्याकडं क्वचितच कोणी आलं.

हे फक्त खालच्या लोकांचं आहे असंही नाही. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले अन् सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा. त्यात कर्जावरच्या व्याजाची माफी होती, सिंचन होतं, अन् दुधाळ गाईसुद्धा होत्या, जास्त दूध देणाऱ्या जातीच्या, अनुदानावर. कोरडवाहू कापूसवाल्याच्या दारात ती गाय उभी राहिली तेव्हा कळलं की तिला हिरवा चारा लागते, ढेप लागते, पाणी लागते, अन् उन्हाळ्यात माणसालाच पाणी टँकरनं. किती जणांनी त्या गाई कर्ज अंगावर ठेवून विकल्या ते आमच्या भागातले जुने लोक अजून सांगतात. तिथंही कोणीतरी प्रस्ताव लिहिलाच असेल ना? उत्पन्नाला जोडधंदा पाहिजे इथपर्यंत बरोबरच होतं. पण चारा कुठून येईल हा प्रश्न कास्तकाराच्या ओट्यावर बसून विचारला असता तर पहिल्याच घरी उत्तर मिळालं असतं.

आता लोक मला म्हणतात की भाऊ तुम्ही फार चिकित्सा करता, स्कीम आहे तोवर घेऊन घ्यावं, सबसिडी सुटली तर पुन्हा येणार आहे का? मला हे पटत नाही अन् कारण साधं आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचंच घ्या, वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. वीस लाखाचा प्रकल्प धरला तर सात लाख अनुदान, स्वतःचे दहा टक्के म्हणजे दोन लाख, अन् राहिलेले अकरा लाख कर्ज. लोक सात लाख ऐकतात, अकरा ऐकत नाहीत. त्यातही ते सात लाख हातात येत नाहीत, ब्यांकेतच कर्जाच्या नावावर जमा राहतात, अन् तीन वर्षं खातं व्यवस्थित राहिलं, युनिट चालू दिसलं, तेव्हा कर्जात वळते होतात. म्हणजे ज्या मशीनची गरज नव्हती तिला तीन वर्षं हप्ते भरत चालवून दाखवायचं. हे मी पार्टीला पहिल्याच भेटीत कागदावर काढून देतो अन् मग विचारतो, ही मशीन नाही घेतली तर पुढच्या वर्षी तुमचं किती नुकसान होईल? ज्याला खरी अडचण आहे तो ताडकन आकडा सांगते. ज्याला नाही, तो डीलरचं नाव सांगते.

डीलरांवरही राग नाही माझा, त्यांचा धंदाच विकायचा आहे. आमच्यावर मात्र आहे, म्हणजे प्रस्ताव लिहिणाऱ्यांवर. आमच्या भागातला रिवाज असा की फाइल मंजूर झाली तर टक्का, नाही झाली तर चहाचे पैसेसुद्धा नाहीत. मग कोण कशाला विचारेल तुमची अडचण काय? जेवढे प्रश्न विचारले तेवढी फाइल लांबते, अन् एखादा प्रश्न असा निघाला की मशीनच नको, तर आमचा टक्काही गेला. म्हणून एकाच पेनड्राइव्हमधला प्रस्ताव नाव बदलून दहा गावांत फिरते. मी स्वतःच्या डोळ्यांनी एक वाचला, आमच्याच भागातल्या हळदीच्या युनिटचा, अन् सद्यस्थितीच्या पानावर, म्हणजे जिथं अडचण लिहायची असते तिथं, लिहिलेलं की "परिसरात उसाचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर असून". पैनगंगेच्या काठच्या दोन-चार गावांत असेलही ऊस, पण ते गाव त्यातलं नव्हतं. तपासणाऱ्यानंही ते पान उलटलं नसेल, कारण सगळ्यांना ठाऊक आहे की त्या पानावर काही नसते, खरा मजकूर कोटेशनमध्ये.

मी म्हणून दोन पैसे वेगळे लावले आहेत. पहिली भेट, रजिस्टर पाहणं, मोजमाप, याचे पैसे अलग, थोडेच पण अलग, फाइल होवो न होवो. सुरुवातीला लोकांना राग येते, लिहायच्या आधीचे कसले पैसे? काही निघून जातात. जे राहतात ते खरे कागद आणतात, कारण पैसे दिले म्हटल्यावर माणूस कामाला लागते. अन् अडचणीचं पहिलं पान लिहून झालं की ते मी आधी पार्टीला वाचून दाखवतो, सगळे संचालक बसवून, त्यावर त्यांच्या सह्या घेतो, मगच बाकीची पानं. त्या पानावर "अत्यंत", "प्रचंड", "मोठ्या प्रमाणावर" असले शब्द येऊ देत नाही. किती क्विंटल, कोणत्या तारखेला, किती रुपये, अन् हे असंच चाललं तर पुढच्या हंगामात काय होईल, बस. गावातल्या बाईला वाचून दाखवलं अन् तिनं म्हटलं "हो जी, असंच हाय" तर ते पान बरोबर. एका बचत गटाच्या ताईनं तर माझंच वाक्य खोडलं, मी लिहिलं होतं की विक्रीव्यवस्था नाही, ती म्हणे विक्री होते पण उधार होते, दुकानदार पापड ठेवून घेते अन् पैसे दिवाळीनंतर देते. पापडाची मशीन त्यातच बाद झाली. जास्त पापड म्हणजे जास्त उधारी, हे तिला मशीनवाल्यापेक्षा आधी समजलं होतं, फक्त तिला कोणी बोलू दिलं नव्हतं.

कधी कधी काहीच केल्या पटत नाही. कागद समोर आहे, आकडा त्यांनीच काढला, तरी म्हणतात ते सगळं खरं पण मशीनच पाहिजे, शेजारच्या गावानं घेतली. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नाही. मी सांगतो की एक हंगाम नुसतं रजिस्टर नीट ठेवा, वापस आलेला प्रत्येक कट्टा कशानं वापस आला ते लिहा, पुढच्या वर्षी या. काही येतात. काहींची मशीन मला मग तुमच्या पेपरातच दिसते.

तर संपादक साहेब, विनंती दोन आहेत. एक तुम्हाला, की धूळ खाणाऱ्या मशीनचा फोटो छापाल तेव्हा वार्ताहराला सांगा की त्या फाइलमधलं सद्यस्थितीचं पानही मागून घ्या, माहितीच्या अधिकारात मागता येते, अन् ते फोटोच्या बाजूला छापा. दुसरी विनंती कृषी खात्याच्या अन् ब्यांकेच्या साहेबांना, ते पेपर वाचतात म्हणून इथंच करतो. अर्जासोबत तुम्ही तीन-तीन कोटेशन मागता, तसंच मागच्या दोन हंगामांच्या काटापट्ट्या अन् चुकाऱ्याच्या तारखाही मागा, अन् त्या नसतील तर कोटेशन पाहूच नका. दोन कागद वाढल्यानं आमचं काम वाढेल, वाढू द्या.

अन् यंदाचं सोयाबीन निघालं की कास्तकार भावांनी अन् कंपनीवाल्यांनी कटतीच्या पट्ट्या, ग्रेडरच्या चिठ्ठ्या चुलीत घालू नये, खताच्या पिशवीत का होईना पण ठेवाव्या, त्यावर तारीख नसेल तर मागं पेनानं टाकावी.

कळावे,
आपला एक वाचक
(प्रस्ताव लेखनाचे काम करणारा)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ